धागा: परिसरातल्या सोयींबद्दल विद्यार्थी-कर्मचाऱ्यांना नेमकं काय विचारायचं? (सोलापूर)

कडक_भाकरी | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

सोलापुरातल्या एका अनुदानित कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. परिसरातल्या सोयींबद्दल विद्यार्थी आणि कर्मचारी किती समाधानी आहेत, याचं सर्वेक्षण आमच्या आयक्यूएसीनं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षानं) यंदा ठरवलंय आणि प्रश्नावलीचा कच्चा मसुदा माझ्याकडे दिलाय. काम आवडीचं आहे आणि ते नीट व्हावं असं फार वाटतं, म्हणून तुमच्यापुढे मांडते.

एक विनंती आधीच करते. कुठल्याही कॉलेजचं, विभागाचं, वसतिगृहाचं किंवा माणसाचं नाव लिहू नका. विचारायचं काय, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे.

नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असतं, हे इथल्या प्राध्यापक मंडळींना ठाऊक आहे. पण ते बसतं दुसऱ्या निकषात, २.७ क्रमांकाखाली. त्यातले प्रश्न शिकवण्याबद्दलचे: अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत मूल्यमापन निष्पक्ष आहे का. इमारती आणि साधनं चौथ्या निकषात येतात, आणि तिथं वस्तू आणि खर्च मोजला जातो. किती वर्गखोल्या, किती संगणक, पुस्तकांवर किती खर्च, देखभालीवर किती. वर्गात पंखा आहे, हे कागदावर दाखवता येतं. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता तो फिरतो का, हे त्याच्याखाली बसणाऱ्याला कुणी विचारत नाही. आणि कर्मचाऱ्यांना तर सोयींबद्दल फारसं विचारलं जात नाही. शिकवणारे, कार्यालयातले, प्रयोगशाळेतले, झाडणारे, गेटवरचे, सगळे दिवसाचे सात-आठ तास त्याच आवारात काढतात.

मला नमुना म्हणून एक तयार फॉर्म मिळालाय. "परिसरातील स्वच्छतेबाबत आपण किती समाधानी आहात? अत्यंत समाधानी ते अत्यंत असमाधानी." असे ओळीनं वीस-पंचवीस प्रश्न. माझं स्पष्ट मत आहे की या प्रश्नांनी काही हाती लागत नाही. भरणारा पहिले दोन वाचतो आणि पुढं सगळीकडे मधल्या गोलावर टिचकी मारून मोकळा होतो. शिवाय दुसऱ्या शहराची प्रश्नावली इथं जशीच्या तशी उतरवली तर आपलं ऊन, आपलं पाणी, अकरा तालुक्यांतून एसटीनं येणारी पोरं आणि आपल्याकडच्या चार भाषा, यातलं काहीच तिच्यात येणार नाही.

तर सांगा. तुमच्या जागेवरून, तुमच्या वेळेला काय दिसतं?

अपडाऊन_अक्कलकोट | सोमवार, रात्री ९.४२

ताई, मी बीएस्सीला आहे. अक्कलकोट तालुक्यातल्या गावातनं रोज येते. बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट होता, आता सवलतीचा काढते. गावाकडं परत जायची गाडी दुपारनंतर आहे. नवीन अभ्यासक्रमात मुख्य विषय एका वेळी, ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा निवडलेला विषय) दुसऱ्या वेळी, मध्ये दोन-दोन तास रिकामे. त्या वेळात बसायचं कुठं? लेडीज रूमला बहुतेक वेळा कुलूप. वाचनालयात स्पर्धा परीक्षावाल्यांनी सकाळीच जागा धरलेल्या असतात. मग आम्ही जिन्यात बसतो.

आणि एक गोष्ट सांगते, ती कुठल्याच फॉर्मात येत नाही. आम्ही मुली कॉलेजात पाणी पीत नाही. सकाळी घरनं निघताना दोन घोट, मग थेट घरी गेल्यावर. कारण पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं आणि तिथं कडी नाही, कधी नळाला पाणी नाही. मार्चपासनं डोकं दुखायला लागतं. तुम्ही मला विचारलं की स्वच्छतागृहाबाबत समाधानी का, तर मी 'ठीक' लिहीन. मी तिथं जातच नाही तर दुसरं काय लिहू?

हुरडा_पार्टी | सोमवार, रात्री ९.५५

वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. पोरांची बाजू वेगळी आहे इतकंच, आमचं भागतं कसंतरी. पण जिन्यात बसायचं तर आम्ही पण रोज बघलालाव. वर्ग रिकामा असला तरी कुलूप. मागितली किल्ली तर अर्ज लिहा म्हणतात.

सीएचबी_मास्तर | सोमवार, रात्री १०.२०

ताई, 'कर्मचारी' या शब्दात तुम्ही आम्हाला धरलंय का? मी तासिका तत्त्वावर शिकवतो, दोन कॉलेजांत. सकाळचे तास एकीकडे, दुपारचे दुसरीकडे. मस्टरवर नाव नाही, म्हणून सर्वेक्षणाची लिंक येत नाही. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची अशी नाही. ज्यांचा तास चालू असेल त्यांच्या खुर्चीवर बसायचं, ते आले की उठायचं. उत्तरपत्रिका, हजेरीपत्रकं, डबा, सगळं पाठीवरच्या बॅगेत, कारण लॉकर कायम शिक्षकांना. विद्यार्थ्याला शंका विचारायची असली तर आम्ही पोर्चमध्ये उभे राहून बोलतो.

मला मोठी केबिन नको आहे. एक कप्पा आणि बसायला ठरलेली जागा मिळाली तर शिकवण्यात फरक पडतो, हे मी अनुभवानं सांगतो. एका ठिकाणी विभागप्रमुखांनी स्वतःच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला. त्या कॉलेजात मी तासानंतर थांबतो. दुसऱ्यात थांबत नाही.

ज्वारीचं_कोठार | सोमवार, रात्री ११.०५

मी वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकवते. अक्कलकोटच्या ताईंनी जे लिहिलंय त्याला आमच्या विषयात सैद्धांतिक आधार आहे, तो मांडते.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९५९ साली द्विघटक सिद्धांत मांडला. त्याचं म्हणणं असं की समाधान आणि असमाधान एकाच पट्टीची दोन टोकं नसतात. कामात यश मिळणं, कौतुक होणं, जबाबदारी मिळणं यानं माणूस समाधानी होतो. पाणी, उजेड, बसायची जागा, पगार, साहेबांशी संबंध या गोष्टी नीट असल्या तर माणूस विशेष खूश होत नाही, पण त्या बिघडल्या की असमाधान नक्की वाढतं. त्यांना त्यानं 'हायजीन फॅक्टर' म्हटलं. या सिद्धांतावर पुढं टीका बरीच झाली. पैसा नेमका कुठल्या बाजूला घालायचा यावर तर अजून वाद चालतो. तरी सोयींच्या बाबतीत मला तो फार उपयोगाचा वाटतो.

याचा प्रश्नावलीवर परिणाम काय? नळाला पाणी येतं म्हणून कुणी 'अत्यंत समाधानी' लिहीत नाही. ते गृहीतच धरलेलं असतं. त्यामुळं सोयींच्या प्रश्नांना समाधानाची पट्टी लावू नका. घडलेलं विचारा. "मागच्या आठवड्यात तुम्ही गेलात तेव्हा नळाला पाणी होतं का? दाराला आतून कडी लागली का?" याची उत्तरं हो, नाही किंवा 'गेलेच नाही' अशी येतील. आणि 'गेलेच नाही' हे उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. त्याखाली "का?" असा एक मोकळा रकाना द्या.

सात_रस्ता | मंगळवार, सकाळी ७.३०

मी एका महाविद्यालयातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. दोन गोष्टी मांडतो. पटल्या नाहीत तरी वाचा.

पहिली. तरुण मंडळींना सोय म्हटलं की इमारत दिसते. आम्ही या जिल्ह्याला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली पाहिलं आहे. गुणपत्रिकेतली दुरुस्ती, स्थलांतर प्रमाणपत्र, फेरतपासणीचा पाठपुरावा, काहीही असलं की रात्रीची गाडी आणि दुसरा दिवस तिकडं. करमाळ्याच्या किंवा अक्कलकोटच्या गरीब पोराला ती फेरी परवडायची नाही. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं, तेही फक्त या एका जिल्ह्यासाठी, आणि पुणे रस्त्यावर केगावला जाऊन ते काम एका दिवसात व्हायला लागलं. माझ्या मते जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला मिळालेली ती सगळ्यात मोठी सोय आहे. तेव्हा प्रश्नावलीत कार्यालयाची खिडकी विसरू नका. बोनाफाईडला किती फेऱ्या झाल्या, शिष्यवृत्तीच्या अर्जाला कुणी मदत केली का, जेवणाच्या सुट्टीत खिडकीवर कुणी होतं का. विद्यार्थ्याच्या मनात कॉलेजचं चित्र त्या खिडकीवर तयार होतं.

दुसरी. अनुदानित कॉलेजात पगार शासनाकडून येतो, पण भिंत, छप्पर, नळ, पंखा यांचा भार बहुतांशी संस्थेवर. नवीन बांधकामाला योजनेतून निधी मिळू शकतो, चालू देखभालीला मिळणं अवघड. त्यात नळाच्या तोट्या चोरीला जातात, बाकांवर नावं कोरतात. वापरणाऱ्यानं जपायला नको का?

अपडाऊन_अक्कलकोट | मंगळवार, सकाळी ८.०५

काका, तोट्या मुलींनी नाही चोरल्या. आणि लेडीज रूमचं कुलूप तोट्या चोरणाऱ्यासाठी लावलंय का आमच्यासाठी? जपायला पाहिजे हे मान्य. पण जपायला आधी आत जाता यायला पाहिजे की ओ.

सात_रस्ता | मंगळवार, सकाळी ८.४०

तुझं बरोबर आहे बाळा. कुलूप लावणं हा कार्यालयाचा सोपा उपाय असतो. झाडायला माणूस कमी, म्हणून बंद ठेवा म्हणजे घाण होणार नाही. ताई, एक प्रश्न कार्यालयासाठीही ठेवा. परिसरात कुलूपबंद असलेल्या सोयी कुठल्या, प्रत्येकीची किल्ली कुणाकडे, आणि ती व्यक्ती रजेवर असली की कुणाकडे. हे एका कागदावर लिहायला लावा. निम्मं काम त्या कागदानंच होईल.

चाकांवरून | मंगळवार, दुपारी १.१५

मी व्हीलचेअर वापरतो. पदवी सोलापुरातच केली, आता एमए करतोय. प्रवेशाआधी मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचो, रॅम्प आहे का. सगळे 'आहे' म्हणायचे. असायचाही. पण सरकारी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे उतार एकास बारा लागतो. एक फूट चढायला बारा फूट लांबी. मला जे रॅम्प भेटले त्यातले बरेच इतके उभे होते की दोघांनी मागून ढकलल्याशिवाय चढता यायचं नाही. काहींच्या तोंडाशी दुचाक्या लावलेल्या. एके ठिकाणी रॅम्प संपला की लगेच उंबरा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारती सुगम्य करणं बंधनकारक आहे, कागद म्हणून तो तुम्हाला माहीत असेलच. सर्वेक्षणात "रॅम्प उपलब्ध आहे का" असं विचारू नका. "गेटपासून वर्गापर्यंत, वर्गापासून ग्रंथालयापर्यंत, ग्रंथालयापासून स्वच्छतागृहापर्यंत कुणाच्याही मदतीशिवाय जाता येतं का?" असं विचारा. मला मित्र उचलून नेतात आणि ते प्रेमानं नेतात. पण रोज कुणाला तरी हाक मारायची म्हणून मी किती वेळा ग्रंथालयात जायचं टाळलं, ते त्यांना माहीत नाही.

उत्तर द्यायला आमच्यासारखे कॉलेजात दोघं-तिघंच असतात. टक्केवारीत आम्ही दिसणार नाही. प्रत्यक्ष बोलावून विचारा.

कडक_भाकरी | मंगळवार, रात्री ८.५०

तुमचा प्रतिसाद वाचून लगेच ग्रंथालयाचा विचार केला. आमचा संदर्भ विभाग वरच्या मजल्यावर आहे. खालच्या टेबलावर पुस्तक आणून देण्याची व्यवस्था लिफ्टची वाट न बघता करता येते, ती उद्याच ग्रंथपालांपुढे मांडते. त्याला सर्वेक्षणाची गरज नाही.

आतापर्यंतच्या लिखाणातून मला एक गोष्ट पक्की कळलीय. प्रश्नात वेळ आणि जागा असली पाहिजे. 'कॉलेजातील पिण्याचे पाणी' असं मोघम न विचारता 'दुसऱ्या मजल्यावरचा कूलर, दुपारी बारानंतर' असं विचारायचं. मग उत्तर आलं की दुरुस्तीला कुणाला पाठवायचं हेही कळतं.

रसायन_कट्टा | मंगळवार, रात्री ९.३५

पाण्याचा विषय निघालाच आहे तर प्रयोगशाळेच्या बाजूनं लिहितो. सोलापुरात नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळं कॉलेज असो की वसतिगृह, टाकी आणि बोअर यांवरच सगळं चालतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. हे क्षार मोजणारा टीडीएस मीटर बहुतेक रसायनशास्त्र विभागांत असतो, नसला तर काहीशे रुपयांत येतो. बीएस्सीच्या मुलांना हे मोजमाप प्रकल्प म्हणून द्या. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कूलरचा आकडा आणि फिल्टर बदलल्याची तारीख कूलरवरच चिकटवायची. टाकी कधी धुतली तेही.

एवढं लक्षात ठेवा की टीडीएस कमी म्हणजे पाणी निर्जंतुक असं होत नाही. जंतूंची तपासणी वेगळी करावी लागते. सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असेल तर त्यांना हाक मारा. आणि आरओमधून जे पाणी फेकलं जातं ते गटारात सोडू नका. झाडपुसेला आणि स्वच्छतागृहाला ते चालतं. स्वच्छतागृहात पाणी नाही आणि शेजारी आरओचं पाणी वाहतंय, हे पाहून मला अतिशय वाईट वाटतं.

आकडेमोड | मंगळवार, रात्री १०.४०

संख्याशास्त्राचा शिक्षक आहे. प्रश्न चांगले होतील असं दिसतंय, आता उत्तरं खरी कशी येतील त्याबद्दल.

गुगल फॉर्मवर नाव, रोल नंबर, मोबाईल मागू नका. ई-मेल आपोआप गोळा होण्याची खूण काढून टाका. अंतर्गत गुण शिक्षकांच्या हातात असतात हे मुलं विसरत नाहीत. वर्गात शिक्षक उभे राहून फॉर्म भरून घेत असतील तर तो फॉर्म न भरलेलाच बरा. कर्मचाऱ्यांची भीती त्याहून मोठी. कंत्राटावरच्याची तर नोकरीच त्यावर असते.

दुसरं, गटवार तक्ते करताना जपून. समजा प्रयोगशाळा परिचर महिला दोनच आहेत आणि तुम्ही 'शिक्षकेतर, महिला, विज्ञान शाखा' असा तक्ता छापलात, तर कोण काय बोललं ते सगळ्यांना कळलं. गट लहान असेल तर शेजारच्या गटात मिसळा. दहापेक्षा कमी माणसांचा तक्ता मी तरी छापत नाही.

तिसरं, एकच सरासरी काढून मोकळे होऊ नका. शहरात राहणाऱ्या मुलाला जिन्यात बसावं लागत नाही, तो घरी जाऊन येतो. गावाकडची मुलगी सहा तास आवारात असते. दोघांची बेरीज करून पाचपैकी साडेतीन आले, तर त्या आकड्यात दोघंही नाहीत. आवारात किती तास असता, हा पहिला प्रश्न ठेवा आणि सगळी उत्तरं त्यानुसार वेगळी काढून बघा.

वसतिगृह_खोली | मंगळवार, रात्री ११.१०

वसतिगृहासाठी थोडक्यात: रात्री अकरानंतर अभ्यासाला उजेडाची जागा, परीक्षेच्या काळात मेसची वेळ, आजारी पडलं तर रात्री कुणाला फोन करायचा, आणि वायफाय कागदावर किती आहे ते सोडून खोलीत किती येतं. माझ्याकडून एवढंच.

वडिलांची_शिट्टी | बुधवार, सकाळी ६.५०

मी इथं पहिल्यांदाच लिहितेय. माझे वडील एका शिक्षण संस्थेत एजन्सीमार्फत रखवालदार आहेत. बारा तासांची पाळी. आम्ही शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलतो. वडिलांना मराठी बोलता येतं, वाचायला जड जातं. मोबाईल साधा आहे. त्यांना कधी कुणी विचारेल की 'तुम्ही समाधानी का' असं मला वाटलं नव्हतं. हा धागा मी काल त्यांना वाचून दाखवला.

ते म्हणाले ते लिहिते. गेटवरच्या केबिनला पत्रा आहे. मेमध्ये दुपारी आत बसवत नाही, बाहेर लिंबाखाली बसलं तर साहेब विचारतात केबिन सोडून का बसलास. पंखा आहे, पण प्लग पॉइंट नाही. रात्री आवारातली सगळी स्वच्छतागृहं बंद असतात, म्हणजे रखवालदारानं बाहेर रस्त्याकडं जायचं, आणि तेवढ्या वेळात गेट सोडलं म्हणून बोलणी खायची. झाडणाऱ्या मावशी जेवण जिन्याखाली करतात. त्या बारा-पंधरा स्वच्छतागृहं धुतात, पण त्यातलं त्यांनी वापरायचं कुठलं ते ठरलेलं नाही. हातमोजे एजन्सीनं द्यायचे का संस्थेनं, यावर दोन्हीकडून एकमेकांकडं बोट.

वडिलांनी एक सांगितलंय. कुठल्या खोलीतला दिवा रात्रभर जळतो, कुठला नळ गळतो, कुठल्या कोपऱ्यात मुलींना त्रास होतो, हे सगळं रखवालदाराला माहीत असतं. कुणी विचारलं तर ते सांगतील.

ज्वारीचं_कोठार | बुधवार, सकाळी ९.१५

ताई, वडिलांना नमस्कार सांगा. तुमचा हा प्रतिसाद कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगून गेला. कडक_भाकरी, कंत्राटी माणसांना लिंक पाठवायच्या फंदात पडू नका. एजन्सीचा सुपरवायझर हजर नसताना, चहाच्या वेळी, त्यांच्या भाषेत बोलणारा विद्यार्थी सोबत घेऊन बसा.

माळावरचा_माळढोक | बुधवार, दुपारी २.३०

मी नियमाची बाजू मांडतो, कारण बऱ्याच विद्यार्थ्यांना ती माहीत नसते. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवीन विनियम आणले. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. माहितीपत्रकात लिहिलेल्या सोयी दिल्या नाहीत तर तीही तक्रार धरली जाते. समितीनं शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि निर्णय पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. तेव्हा माहितीपत्रक जपून ठेवा. त्यात 'मुलींसाठी स्वतंत्र विश्रांती कक्ष' छापलं असेल आणि त्याला कुलूप असेल तर मुद्दा पक्का होतो.

ही वाट फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे. प्राध्यापकांना संघटना आहे, विद्यापीठाच्या अधिसभेत प्रतिनिधी आहेत. आवाज सगळ्यात कमी पोचतो तो तासिकावाल्यांचा आणि कंत्राटी कामगारांचा.

आता माझी शंका. सर्वेक्षणं मी बरीच पाहिली. फॉर्म भरले जातात, रंगीत आलेख निघतात, अहवालाला जोडले जातात. पुढच्या वर्षी परत तेच. ज्यानं फॉर्म भरला त्याला कधीच कळत नाही की त्याच्या उत्तराचं काय झालं. तुमच्याकडे काय वेगळं होणार?

कडक_भाकरी | बुधवार, रात्री ९.०५

शंका रास्त आहे आणि मलाही तीच छळत होती. आज समन्वयक मॅडमशी बोलले. दोन गोष्टी मी मागितल्या. एक, सर्वेक्षणाचा निकाल हाती आल्यापासून महिन्याच्या आत सूचना फलकावर कागद लावायचा: काय समोर आलं, काय लगेच करतोय, काय या वर्षी जमणार नाही आणि का. 'जमणार नाही' हेही लिहायचं. दुसरी, किरकोळ दुरुस्तीसाठी थोडी रक्कम आधीच बाजूला काढायची, म्हणजे कडी, तोटी, प्लग पॉइंट यांसाठी कोटेशनची वाट बघावी लागणार नाही. पहिलीला त्या हो म्हणाल्या. दुसरीसाठी प्राचार्यांकडे जायचंय. कड्यांचा आणि तोट्यांचा अंदाजे खर्च मी काढलाय, तो घेऊन जाते. सगळ्या मिळून एका संगणकाच्या किमतीपेक्षा कमी येतो.

मसुदा असा बसतोय. सुरुवातीला आवारात किती तास आणि कुठल्या वेळेत असता, कुठून येता. मग पाणी, स्वच्छतागृह, बसायची जागा, वर्गातला पंखा-उजेड, ग्रंथालय, कार्यालयाची खिडकी, येणं-जाणं. प्रत्येकात मागच्या आठवड्यात काय घडलं एवढंच, आणि वापरत नसाल तर का. कर्मचाऱ्यांसाठी याशिवाय सामान ठेवायला कप्पा, डबा खायला जागा, बाळ असलेल्या महिलेला हिरकणी कक्ष, उन्हात-रात्रीत काम करणाऱ्याला आडोसा. तासिकावाले आणि एजन्सीचे लोक 'कर्मचारी' यातच. शेवटी एक मोकळा प्रश्न: एकच गोष्ट दुरुस्त करायची असेल तर कुठली? सगळं मिळून दोन पानं. त्याहून लांब कुणी भरणार नाही.

ग्रंथालयातल्या पाहणीत माझ्या डोळ्यांना दिसणारी आणखी एक बाब त्यात घालतेय. आमच्याकडे एन-लिस्टची सेवा आहे, घरून मोबाईलवर ई-पुस्तकं वाचता येतात. जिन्यात बसणाऱ्या मुलीला त्याचा पासवर्ड मिळालाय का, हे मी विचारणार आहे. नसेल तर तिथल्या तिथं देणार.

आकडेमोड | बुधवार, रात्री ९.४०

छान. सर्वेक्षण गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत घेऊ नका, जानेवारीत संक्रांतीच्या आसपास अर्धी उपस्थिती जत्रेत असते. मार्चचा दुसरा पंधरवडा धरा. ऊन सुरू झालेलं असतं आणि बरीचशी मुलं अजून आवारात असतात. तेच प्रश्न ऑगस्टमध्ये परत विचारा, म्हणजे गळणारी छतं कळतील.

हुरडा_पार्टी | बुधवार, रात्री १०.००

ताई, प्रश्नावलीचं कन्नड मी करून देतो. दक्षिण सोलापूरचा आहे, घरात दोन्ही चालतं. मावश्यांशी बोलायला पण येतो, चहाच्या वेळेला.

वडिलांची_शिट्टी | बुधवार, रात्री १०.२५

तेलुगू मी करते. लिहून नको, ध्वनिमुद्रण करून पाठवते. वाचता न येणाऱ्याला प्रश्न ऐकता येतील. उर्दूसाठी माझी मैत्रीण आहे, तिला उद्या विचारते.

चाकांवरून | बुधवार, रात्री १०.५०

मसुद्याआधी आवारात एक फेरी मारा आणि त्या दिवशी मला बोलवा. गेटपासून ग्रंथालयापर्यंत सोबत या, मोजपट्टी घेऊन. रॅम्पची उंची आणि लांबी दोन्ही लिहून घेऊ.

कडक_भाकरी | बुधवार, रात्री ११.०५

नक्की. शनिवारी सकाळी आठ वाजता चालेल का? तेव्हा दुचाक्यांची गर्दी असते, म्हणजे रॅम्पच्या तोंडाशी काय होतं तेही दिसेल. मसुदा शुक्रवारपर्यंत इथंच टाकते. कमी-जास्त सांगा, विशेषतः रखवालदार काकांना वाचून दाखवून.